मामाजींचं बाटलीतलं ऊन

माझे दोन्ही तळहात चॉकलेटी झाले तो आठवडा लग्नांच्या दाट तिथींचा होता, त्यामुळे विचारणाऱ्यांनी कारण आपापलंच शोधून घेतलं. हुडकेश्वरच्या भाजीबाजारात कांदे निवडत होतो, तर भाजीवालीनं माझ्या हातांकडे पाहून घरी कोणाचं लग्न आहे म्हणून चौकशी केली. मी भाचीचं म्हणालो. ऑफिसात साहेबांनी मेंदी छान रंगली असं म्हटलं तेव्हा भाचीचं सांगता येईना, कारण साहेबांना माझ्या सगळ्या भाच्या ठाऊक आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, दोन चष्मे वापरणाऱ्या माणसाच्या तळहातावर मेंदी काय म्हणून असावी, याचं पटण्यासारखं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. खरं कारण एवढंच होतं की सासऱ्यांना लावायचा उन्हाचा रंग मी आधी स्वतःच्या दंडावर लावून पाहिला आणि नंतर हात धुवायला विसरलो. पण हे काही भाजीबाजारात सांगण्यासारखं नव्हतं.

परवा कूलर खाली उतरवला तेव्हा हे सगळं पुन्हा आठवलं. लकडगंजातून खसाच्या नव्या ताट्या आणल्या, टाकीत पाणी सोडलं, आणि पहिल्या झोताबरोबर तो वास घरभर पसरला. ओली खस, मागच्या वर्षीची धूळ, आणि पंपाचा जरासा लोखंडी वास. आमच्या घरचा उन्हाळा या वासानं सुरू होतो. आतून मामाजींनी आवाज दिला, पाणी पुरतं भरलं की नाही म्हणून. मामाजी, म्हणजे माझे सासरे, शोभाचे वडील. त्यांची खाट बरोबर कूलरच्या समोर असते. तिथून कूलरवर त्यांचं लक्ष असतं, जसं पूर्वी विहिरीच्या मोटारीवर असायचं.

नागपूरच्या उन्हाबद्दल बाहेरगावचे लोक आम्हाला तापमान विचारतात. खरं तर त्यांनी मे महिन्यात सीताबर्डीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलला येऊन उभं राहावं. स्कूटीवरच्या मुली ओढणीनं तोंड असं गुंडाळतात की सख्ख्या बापानं ओळखू नये. खांद्यापर्यंत हातमोजे, पायात मोजे, मोज्यांवर चप्पल. ट्रकवाल्याचा खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा दोन पिढ्या म्हातारा दिसतो. सिलिंडर पोचवणाऱ्याची मान वेगळ्या रंगाची, पोट वेगळ्या. माझ्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा आणि हाफ शर्टाच्या बाहीपाशी सरहद्द. कोण काय करतो हे इथं विचारावं लागत नाही, ऊन ते लिहून ठेवतं. आणि ते लिहिलेलं पुसण्यासाठी अख्खं शहर बेसन, मसूर, दही, टोमॅटो आणि नाना तऱ्हेच्या ट्यूबा चेहऱ्याला फासून बसलेलं असतं. अशा गावात मी उन्हाचा रंग विकत आणायला निघालो होतो.

मामाजी गावी होते तेव्हा त्यांचा रंग जुन्या सागवानी दारासारखा होता. काटोल रोडवरून आत गेलं की त्यांचं गाव, गावाबाहेर संत्र्याची बाग. सासूबाई गेल्यावरही ते तिथं एकटे राहिले. मग एका मे महिन्यात, बागेला पाणी देताना, त्यांना ऊन लागलं. झाडाखाली पडलेले सापडले. दवाखान्यातून शोभा त्यांना सरळ हुडकेश्वरला घेऊन आली, बाग पुतण्याला बटईनं दिली, आणि डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं कायदा म्हणून लागू केलं. बाबांनी यापुढे उन्हात जायचं नाही.

ज्या पिढीनं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा संकोचानं घेतलं, त्या पिढीतला हा माणूस. पहिले काही महिने ते जेवायला बसताना ताटाला नमस्कार करत. तो अन्नाला होता की मला, हे मला कळलं नाही. मी सरकून बसायचो. एकदा मीही चुकून उलट नमस्कार केला, तेव्हा शोभा पोळी तव्यावर टाकून बाहेर निघून गेली, हसायला.

सावलीत राहून माणूस उतरतो असं मला वाटायचं. मामाजी उजळले. आधी हातांचा रंग गेला, मग मानेचा, मग गालांचा. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणू लागल्या की मामाजी किती गोरे झाले, तब्येत मानवली हो त्यांना. मामाजी मान हलवत आणि नंतर बेसिनच्या आरशासमोर बराच वेळ उभे राहत. मला वाटायचं, म्हातारपणी दात वगैरे पाहत असतील.

मग मागच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या मुलाचं लग्न निघालं, गावीच. पत्रिका आली त्या दिवसापासून मामाजींचं जेवण अर्ध्यावर आलं. एका संध्याकाळी शोभा बाहेर गेली होती, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं आणि स्वतःचा हात माझ्यापुढे धरला. जणू काही मी डॉक्टर आहे.

“जवाईबापू, असा पांढरा होऊन गावात कसा जाऊ सांगा मले? लोक म्हनतीन, तुळशीराम जवायाच्या घरी बसून खाते.”

ते बसून होते आणि खात होते, यात खोटं काहीच नव्हतं. तेच त्यांना सलत होतं. आयुष्यभर ज्या गावात त्यांचा शब्द चालला, तिथं त्यांच्या आधी त्यांचा चेहरा बोलणार होता. ते आजारी होते हे सगळ्यांना माहीत होतं. आजाराची त्यांना लाज नव्हती. वावर सुटलं, शेती हातची गेली हे दिसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांनी आधी आपल्या परीनं उपाय करून पाहिला. सकाळी शोभा पूजेला बसली की ते हळूच गच्चीवर जात आणि सूर्याकडे तोंड करून पाण्याच्या टाकीला टेकून बसत. दुसऱ्याच खेपेला सापडले. शोभा ओरडली नाही. तिनं त्यांना धरून खाली आणलं, कैरीचं पन्हं दिलं, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. झाडाखाली पडलेला बाप तिनं पाहिला होता, मी पाहिला नव्हता. म्हणून मी दोघांच्या मध्ये पडलो नाही. पण मामाजी त्या दिवशी जेवलेच नाहीत, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की रंग काय, लावताही येतो.

बोलून गेल्यावर माघार नव्हती. सीताबर्डीतल्या प्रसाधनांच्या एका मोठ्या दुकानात मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की उन्हानं रापल्यासारखं दिसायला काही आहे का. तिनं मला रापलेलं घालवायच्या ट्यूबा काढून दाखवल्या. मी म्हटलं, घालवायचं नाही, आणायचं आहे. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, दाराबाहेरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं, आणि मालकाला बोलावलं. मालक समजूतदार होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं की काका, तब्येत ठीक आहे ना. शेवटी त्यांनीच मार्ग दाखवला. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणारी पोरं अंगाला काळपट रंग लावतात, स्नायू उठून दिसावेत म्हणून. तो जिमच्या सामानाच्या दुकानात मिळतो. त्या दुकानदाराचे दंड माझ्या मांडीएवढे होते. बाटली देताना त्यानं माझ्या पोटाकडे बघत अगदी आदरानं विचारलं, कोणत्या वजनी गटात उतरून राहिले.

पहिला प्रयोग माझ्या दंडावर झाला आणि त्याचं पर्यवसान भाजीबाजारात कसं झालं ते सांगितलंच आहे. तळहातांवर चॉकलेटी झालेला रंग दंडावर केशरी उठला होता. मामाजींनी दंड खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, हा संत्र्याचा रंग झाला, मानसाचा नाही. दुसऱ्या प्रयोगात मी बाटलीतले थोडे थेंब अंगाला लावायच्या साध्या लोशनमध्ये कालवले. मग रंग बरा आला, पण तो माझ्या दंडावर भिंतीला डिस्टेंपर दिल्यासारखा दिसत होता. सगळीकडे सारखा. काय चुकतं आहे ते आम्हा दोघांनाही समजेना. मी मामाजींना विचारलं, तुम्ही नेमके कसे दिसायचे? ते विचारात पडले. म्हणाले, मी कुठं पाह्यलं मले. खरंच होतं ते. आरसा घरी असायचा, आणि ते दिवसभर बागेत.

तेव्हा मी शोभाला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की तू लहान असताना मामाजी कसे दिसायचे गं. ती गहू निवडत होती. माझे चॉकलेटी तळहात तिनं तोवर पाहिले होते आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आताही तिनं मान वर केली नाही. पण जे सांगितलं ते इतकं सविस्तर होतं की मी आत जाऊन विसरायच्या आधी मनात घोकून घेतलं. कपाळ पांढरं होतं, ती म्हणाली, डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याखालचं. जेवताना बाबा दुपट्टा सोडायचे तेव्हा दोन माणसांची डोकी एकावर एक ठेवल्यासारखं दिसायचं आणि आम्ही पोरं हसायचो. डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्यांच्या आत पांढऱ्या रेषा होत्या, कारण उन्हात डोळे बारीक केले की तेवढी कातडी मिटलेली असायची. सावलीत आले की त्या रेषा उघडायच्या. त्यावरून आई ओळखायची की आता राग गेला. एवढं सांगून ती सुपातले गहू पाखडायला लागली.

उन्हाचा रंग म्हणजे काळेपणा, असं मी तोवर समजत होतो. खरा ओळखू येतो तो जिथं ऊन पोचलं नाही त्या जागांवरून. बाटलीवर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. बहुधा त्या कंपनीतल्या कोणाचाही बाप दुपट्टा बांधत नसावा.

शोभा हळदीसाठी आदल्या दिवशीच गावी गेली आणि आम्हा दोघांना घर मोकळं मिळालं. सकाळीच बैठक बसली, न्हाणीघरात, प्लास्टिकच्या स्टुलावर. आधी दाढी. मग मसुराच्या पिठानं चेहरा आणि हात घासून घेतले, म्हणजे रंग सपाट बसतो. ज्या पिठानं गावभर रंग उतरवतात त्याच पिठानं. मिशीला आणि भुवयांना व्हॅसलिन थापलं, कारण पांढरी मिशी तपकिरी झाली असती तर लग्नात नवरदेवाकडे कोणी पाहिलं नसतं. मग मी त्यांना दुपट्टा बांधायला सांगितला, वावरात बांधत तसा. आरशाविना, एका हातानं, दोन वेढ्यांत त्यांनी तो बांधला. जे बाहेर राहिलं तेवढंच रंगवायचं होतं.

डोळ्यांपाशी आलो आणि थांबलो. म्हटलं, मामाजी, उन्हात बघता तसं बघा. न्हाणीघरात बघायला ट्यूबलाइट होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. गाल वर चढले, वरचा ओठ जरा उचलला गेला, मान तिरकी झाली. हा चेहरा मी कित्येक वर्षं पाहिला होता, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहिलो तेव्हापासून, आणि आमच्या घरात आल्यावर तो कधी दिसला नव्हता हे मला स्पंज हातात धरल्यावर कळलं. मी स्पंज फिरवत होतो आणि ते ट्यूबलाइटकडे बघत बोलत होते. त्या कोपऱ्यातल्या झाडांना पाणी पोचत नाही म्हणाले. पुतण्याले सांगतलं, पण तो आयकत नाही. मी हो म्हणालो. स्पंज दोनदा फिरवून झाल्यावरही त्यांनी डोळे सैल केले नाहीत, आणि मीही घाई केली नाही.

रंग चढायला वेळ लागतो. तोवर कशाला टेकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. दुपारभर ते पंख्याखाली दोन्ही हात अंगापासून दूर धरून बसले, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे, आणि मी त्यांना चमच्यानं दहीभात भरवला. तिसऱ्या प्रहरी त्यांनी बेसिनच्या आरशात पाहिलं. दुपट्टा सोडला. पांढरं कपाळ, खाली सागवान. डोळे सैल केले तशा कोपऱ्यांतल्या रेषा उघडल्या. आपल्याच हनुवटीला त्यांनी बोट लावलं आणि म्हणाले, हाव, हा मीच.

दुसऱ्या दिवशी गावात उतरलो तेव्हा मला माझ्याच लग्नाला जाताना झाली नव्हती एवढी धाकधूक होती. मांडवाच्या दाराशी पुतण्या भेटला, म्हणाला, काकाजी, अजून तसेच्या तसे. एका म्हातारीनं विचारलं, शहरात बी उन्हात फिरता काय. मामाजींची पाठ ताठ झाली. मी कॉलर सरळ केली. सांगता येत नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं की हे काम आमचं.

आणि मग लोक वाकू लागले.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लग्नात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहतो कोण? त्याच्या पाया पडतात. मांडवात सतरंजीवर वाहणा काढून मामाजी बसले आणि पुतणे, सुना, नातवंडं, शेवटी नवरा-नवरी, एकेक जण त्यांच्या पायांशी वाकू लागला. मी तेव्हा पहिल्यांदा ते पाय पाहिले. एकाच घरात राहतो आम्ही, पण पाहिले नव्हते. गोरेपान होते. टाचांना एक भेग नाही. नखं कापलेली, कातडी मऊ, उन्हाचा किंवा वाहणेच्या पट्ट्याचा कुठं मागमूस नाही. लहान मुलाचे मोठे पाय असावेत तसे. मामाजींनी धोतराचा सोगा खाली ओढला. तो पुरला नाही.

शेजारी दौलतराव बसले होते. यांचं आणि मामाजींचं वावर धुऱ्याला धुरा लागून, आणि उभ्या जन्मात त्या धुऱ्यावरून दोघांचं पटलेलं नाही. वयानं बरोबरीचे असल्यानं त्यांना पाया पडायचं कारण नव्हतं, त्यामुळे ते निवांत बघत होते. आधी पाय पाहिले. मग चेहरा. मग पुन्हा पाय. आणि सगळ्या सतरंजीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“काहून गा तुळशीराम, तोंड वावरात अन् पाय जवायाच्या घरी?”

हसू फुटलं. जवळची माणसं हसली, तशी न कळलेलीही हसली. मी मांडवाच्या झालरीकडे पाहू लागलो. झालर चांगली होती. ज्या एका वाक्याला भिऊन आम्ही दोघांनी एवढं सगळं केलं होतं, ते वाक्य, भर मांडवात, मोठ्यानं म्हटलं गेलं होतं. मामाजींनी हातातला सोगा सोडून दिला आणि पाय सरळ पुढे पसरले.

“जवायाच्याच घरी राह्यतो मी. जेवतो बी तिथंच. पोरगी जपते.”

बसल्या जागेवरून त्यांनी हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. हसू थांबलं. दौलतरावांनी आपले पाय पोटाशी घेतले होते. काळे, तडकलेले, एका टाचेच्या भेगेत अजून ओली माती. ते ओणवे होऊन मामाजींच्या टाचा निरखत होते, बी-बियाणं निरखतात तसे. मग आवाज खाली आणून विचारलं,

“काय लावते रे पोरगी? मले बी पाठवजो.”

मामाजी म्हणाले, मलम आहे, नाव तिले माहीत. त्यानंतर जेवणाच्या पंगतीत दोघं शेजारी शेजारी बसले आणि धुऱ्यावरून भांडले. मामाजींनी बुंदी दोनदा मागून घेतली. परतीच्या वाटेवर ते गाडीच्या मागच्या सीटवर गाढ झोपले, तोंड उघडं टाकून, दुपट्टा मांडीवर. ते कपाळ आणि तो गाल दोन वेगळ्या माणसांचे वाटत होते खरे. रंग पुढे आठवड्याभरात ठिकठिकाणी उडाला आणि आरशाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. यंदाही गावाला एका वास्तुपूजेला जाऊन आले, आहेत तसे. जाताना दौलतरावांसाठी मलमाची डबी मागून घेतली, एवढंच.

त्या दिवशी लग्नाहून घरी पोचल्यावर, कपडे बदलून शोभा आणि मी चहा घेत बसलो होतो तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. बाटली, ट्यूबलाइट, सगळं. तिला काहीच नवीन नव्हतं. मांडवातलंही बायकांकडून कळलंच होतं. मी जरा कुरकुरलो. म्हटलं, कपाळाचं सांगितलंस, सुरकुत्यांचं सांगितलंस, मग पायांचं का नाही बोललीस? एवढ्यासाठी फजिती झाली ना. तिनं चहा संपवला, कप खाली ठेवला.

“तोंडाचं तुम्ही दोघं काय करायचं ते करा,” ती म्हणाली. “दिवाळीपासून रोज चोळून चोळून त्या टाचा मी भरून आणल्या. त्यांच्यावर स्पंज फिरवू दिला असता का मी तुम्हाला?”